मुक्या राक्षसाची आरोळी

आता जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही, आणि ज्या संकलकाबरोबर मी महिनोन्‌महिने एका खोलीत कोंडून घेतलं होतं त्यालाही माहीत नाही. मुलाखतींत लोकांनी मला काय काय विचारलं — बाई असून युद्धाचा सिनेमा का, नाशिकमध्ये बसून का, राक्षस कशाला. आणि शेवटची ती आरोळी कुठून आणली, हेही विचारलं. पुष्कळदा विचारलं. मी दर वेळी हसून भलतंच उत्तर दिलं.

आधी एक स्पष्ट करते. मला माझ्या सिनेमाचा अभिमान आहे — काल होता, आजही आहे. हे वाचून कुणाला वाटेल की बाईला उपरती झाली, आता ती स्वतःचं काम नाकारणार. छे. ‘मुका राक्षस’ हा चांगला सिनेमा आहे. तसा आपल्याकडे आधी कुणी केला नव्हता आणि नंतरही फारसा कुणाला जमला नाही. आत्मस्तुती वाटते? वाटू द्या. एवढं मोठं मन माझं नाही की खोटी नम्रता दाखवू.

दुसऱ्या महायुद्धात पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून काही माणसं सैन्याच्या मजूर पलटणीत गेली होती. ब्रह्मदेशाच्या सीमेवर रस्ते करायला, दगड फोडायला, मेलेले उचलायला. त्यांच्यावर सिनेमा करायचा तर रणगाडे कुठून आणायचे, विमानं कुठून? मुंबईतल्या एका निर्मात्यानं मला समजावलं होतं की असली स्वप्नं आपल्या ऐपतीची नसतात. मी नाशिकला परत आले आणि ठरवलं, रणगाडे नकोतच. पेठेकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो — देवादानवांचे मुखवटे घालून गावातली माणसं रात्रभर नाचतात, आणि उजाडता उजाडता देवी राक्षसाला मारते. माझं अख्खं युद्ध मी त्या मुखवट्यांनी लढवलं. बांबूच्या पंखांची विमानं माणसांच्या खांद्यांवरून आली. गोरा साहेब म्हणजे पांढरा रंगवलेला मुखवटा. बाँब पडून जळून गेलेली जमीन हवी होती, ती एकलहऱ्याला मिळाली — वीजकेंद्राच्या राखेच्या मैदानावर. त्या करड्या राखेतून संबळाच्या तालावर एक राक्षस चालत येतो आणि रांगेतली माणसं त्याच्या तोंडात शिरत जातात. ते दृश्य बघून परदेशी माणसं खुर्चीत सरसावून बसलेली मी पाहिली आहेत. माझ्या नाशिकची राख होती ती!

पण राक्षस मला सुचला नव्हता. तो मला दिला सोनीमावशीनं.

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. पेठेच्या पलीकडे, घाट उतरून आत. तिथं बोहाड्यातलं प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं, त्या घराशिवाय ते कुणी नाचवत नाही. सोनीमावशीच्या घराकडे राक्षसाचं सोंग होतं. लाकडात कोरलेलं, एवढं जड की डोक्याला फडकं गुंडाळल्याशिवाय घालता येत नाही. आणि त्या राक्षसाची एक आरोळी होती. देवीपुढे येताना तो ती द्यायचा. ही आरोळी ऐकायचं सगळं गाव, पण ती द्यायची कशी हे फक्त त्या घरातल्या पुरुषांना ठाऊक असायचं. बाप ती लेकाला शिकवायचा. सोनीमावशीचा बाप लहानू पलटणीत गेला तेव्हा ती पाळण्यात होती. लहानू धाकट्या भावालाही सोबत घेऊन गेला. दोघांपैकी कुणीच परत आलं नाही. सोंग मग चुलत्याच्या घरातल्या माणसानं नाचवायला घेतलं. पण आरोळी? ती लहानूबरोबर गेली होती. तेव्हापासून त्या गावाचा राक्षस मुका नाचायचा.

लहानपणी सोनी आईला विचारायची, आपला राक्षस ओरडत का नाही? आई सांगायची — ओरडेल कसा, त्याच्या तोंडात तुझा बा आहे. काळ्या पाण्यापलीकडे त्यानं तुझ्या बाला तोंडात धरलं, अजून गिळलं नाही. ज्या दिवशी तोंड उघडून आरोळी देईल, त्या दिवशी बा खाली पडेल आणि चालत घरी येईल. म्हणून दर वर्षी राक्षस दारात आला की सोनी त्याच्या लाकडी ओठांना नागलीची भाकरी लावायची. आत बा उपाशी असणार. ती सत्तरीला टेकली तरी लावत होती. नवरा घरजावई म्हणून आला, राहिला, मेला. भाकरी चुकली नाही.

तिचा यावर खरंच विश्वास होता का? मी एकदा विचारलं. ती म्हणाली, विश्वास कशाला लागतो, भाकरीच तर द्यायची आहे.

आता सांगा, असं काही कानावर पडल्यावर कुठला सिनेमावाला झोपेल?

मी पटकथा लिहिली. शेवट असा — युद्ध संपलंय, बोहाडा चालू आहे, म्हातारी झालेली मुलगी भाकरी घेऊन उभी, आणि राक्षस पहिल्यांदा तोंड उघडतो. आरोळी येते. माणूस येत नाही. एवढंच. सगळा सिनेमा त्या आरोळीवर उभा होता, आणि आरोळीच मिळत नव्हती. नाटकातले चांगले चांगले नट बोलावले. सगळे पौराणिक नाटकातल्या राक्षसासारखे गडगडाटी हसायचे. एकाला तर मी, हसून झाल्यावर चहा पिऊन घरी जा, असं सांगितलं. शेवटच्या दृश्याचं चित्रीकरण मी लांबणीवर टाकत राहिले.

त्याच दिवसांत मी युद्ध पाहिलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज गोळा करत फिरत होते. मनमाडला रेल्वेतून निवृत्त झालेला एक बाबा आहे, ब्रह्मदेशात होता म्हणतात, असं कळलं. एकटीच गेले. गाडी मीच चालवली, आवाज टिपायचं छोटं यंत्र पर्समध्ये. मुलाच्या घरी ओसरीत बाजेवर बसलेला होता. अंगानं वाळलेला, कान मात्र शाबूत. गाड्यांच्या शिट्ट्या मोजत बसतो म्हणून सून हसत होती. तो युद्धाचं बरंच बोलला. चिखल, जळवा, खेचरं. मग मी माझ्या सिनेमाचं सांगितलं — पेठेकडचं गाव, बोहाडा. सून आत चहा टाकायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला,

“राक्षस नाचतो का अजून? मुकाच नाचत आसंल.”

मी मुका शब्द उच्चारला नव्हता.

पुढचं त्यानं थांबत थांबत सांगितलं. धाकटा भाऊ तिकडे तापानं गेला. त्याला याच्याच नादानं पलटणीत आणलेलं. लढाई संपल्यावर हा गाडीनं मनमाडपर्यंत आला. तिथून नाशिक, मग पेठ — राहिलं किती होतं? पण आई दारात उभी राहून दुसरा कुठाय म्हणून विचारेल, या एका प्रश्नाला भिऊन तो मनमाडच्या फलाटावर उतरला आणि तिथंच राहिला. हमाली केली, मग रेल्वेत लागला, मग दुसरं लग्न. इथं कुणालाही पहिलं घर माहीत नव्हतं. सोनी जिवंत आहे का, हे त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

मी आहे म्हटलं. भाकरीचं सांगितलं. तो बराच वेळ पंच्यानं तोंड पुसत राहिला.

मग म्हणाला, आरोळी देतो, तुझ्या यंत्रात घे. मुखवट्याच्या आत आवाज लाकडावर आपटून परत तोंडावर येतो, म्हणून नुसत्या तोंडानं ती नीट निघत नाही. त्यानं पंचा दुमडला, दोन्ही तळव्यांनी तोंडावर घट्ट दाबला, आणि दिली. सून हातातली गाळणी तशीच घेऊन बाहेर धावत आली. कशी होती? सांगता येत नाही. तुम्ही सिनेमा पाहिला असेल तर ऐकली आहे. सुरुवातीला ती रागाची वाटते आणि शेवटाला कुणीतरी लांबून हाक मारत असल्यासारखी होते. आणि — हे लिहून टाकते — त्याच क्षणी मला कळलं की सिनेमाचा शेवट मिळाला. त्याचे डोळे भरलेले होते आणि मी यंत्राचा लाल दिवा चालू आहे ना, ते बघत होते.

निघताना त्यानं माझा हात धरला.

“सोनीच्या घरी पोचव. तिच्या बानं दिली म्हणून सांग. तिनं बोलावलं तर येतो मी.”

मी हो म्हटलं. शपथेवर नाही, पण हो म्हटलं.

चांदवड येईपर्यंत माझ्या डोक्यात बाप-लेक होते. तिला कसं सांगायचं, त्याला कधी न्यायचं, गाडीत मागे गादी टाकावी लागेल. चांदवड सोडलं आणि सिनेमानं गाडीत प्रवेश केला. बाप जिवंत आहे म्हणजे काय? म्हणजे राक्षसानं त्याला धरलेलंच नाही. म्हणजे तो मनमाडला बायको-मुलांत राहिला. म्हणजे माझ्या शेवटातली म्हातारी भाकरी घेऊन कुणापुढे उभी राहणार? सोनीमावशी स्वतःच ती भूमिका करणार होती. तिच्या चेहऱ्यावरची ती वाट बघणारी नजर मला कुठल्याही नटीकडून मिळाली नसती. एकदा कळल्यावर ती नजर राहिली असती का? नसती राहिली. पिंपळगाव ओलांडलं तेव्हा माझं ठरलं होतं.

म्हणता येईल की म्हातारीचं मन मोडू नये म्हणून गप्प बसले. मीही पुष्कळदा तसं म्हणून पाहिलं. पण तिचं मन माझ्या हिशेबात नव्हतंच हो. तिचा चेहरा होता.

शेवटचं दृश्य घेतलं. मावशी भाकरी घेऊन उभी राहिली, आणि तो चेहरा आला — तुम्ही पोस्टरवर पाहिला असेल. तिला मी तेव्हा आरोळी ऐकवली नाही. ती नंतर संकलनात घातली. लहानूचाच आवाज, जसाच्या तसा. संकलकाला सांगितलं, एका जुन्या कलावंताकडून करून घेतली. श्रेयनामावलीत ‘आरोळी’ असं लिहून पुढे माझं नाव घातलं. दुसरं कुणाचं घालणार होते?

संकलन चालू असताना मनमाडहून सुनेचा फोन आला. बाबा विचारत होते, पेठहून काही निरोप आलाय का. त्यांना नेमकं काय म्हणायचंय ते तिला कळत नव्हतं, म्हणून बिचारी संकोचानं विचारत होती. मी म्हटलं, अजून नाही, आला की कळवते. पुढचा फोन आला तो ते गेल्याचा. मी गेले नाही. त्या आठवड्यात आवाजाचं काम चाललं होतं.

सिनेमा पहिल्यांदा गावात दाखवायचा, हा माझा हट्ट. आश्रमशाळेच्या पटांगणात पांढरं कापड ताणलं, दिवेलागणीला सगळं गाव जमलं. बांबूची विमानं आली तेव्हा ज्यांनी ती खांद्यावर वाहिली होती तेच शिट्ट्या मारत होते. राखेतला राक्षस आला तेव्हा कुणी हललं नाही. आणि मग आरोळी झाली. बोहाड्याचा भगत ऐंशीच्या घरातला, तो काठी टेकून उभा राहिला. सोनीमावशी माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. त्या वयात ती पळत होती. माझे दोन्ही दंड धरले.

“ही आरोळी कोणी दिली तुला, बाय?”

तिचा चेहरा कसा होता सांगू? ती दाराकडे बघत होती. पटांगणाला दार नव्हतं, फाटक होतं — त्या फाटकाकडे. राक्षसानं तोंड उघडलं होतं ना. आता बा यायला हवा होता.

एक वाक्य पुरलं असतं. बा गेला, पण ही त्यानंच दिली, तुझ्यासाठी दिली. एवढंच. आजूबाजूला सगळं गाव, नाशिकहून आलेले पत्रकार, माझी माणसं. मी म्हटलं, “मीच तयार केली, मावशी.”

तिनं फाटकावरची नजर काढली. माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. मग माझ्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, “चांगली केली.” आणि जाऊन आपल्या जागी बसली.

भगतानं मात्र सगळ्यांना सांगितलं की अगदी अशीच होती, त्यानं लहानपणी लहानूच्या तोंडून ऐकली होती. मग ही शहरातली बाई ती कुठून आणते? देवीनंच तिच्या तोंडी घातली, दुसरं काय. झालं! पुढच्या वर्षी गावात माझीच कहाणी तयार होती — मॅडमला स्वप्नात देवी दिसली, देवीनं आरोळी दिली. मुलाखतींत विचारत तेव्हा मी हसून म्हणायची, त्या मातीचाच प्रसाद. किती छान वाटायचं ते ऐकायला. खऱ्या युद्धात मी कहाणी मिसळली म्हणून लोक माझं कौतुक करत होते, आणि मी स्वतःच एक कहाणी होऊन एका खऱ्या माणसावर बसले होते. आणि खरं सांगू — मला ते आवडत होतं.

सोनीमावशीच्या चुलत घराण्यातला रामदास आता सोंग नाचवतो. त्यानं सिनेमा ऐकून ऐकून आरोळी गळ्यात बसवली. राक्षस मुका राहिला नाही. दर वर्षी बोहाड्याला मला बोलावणं यायचं, सोंग उतरलं की सगळ्या गावादेखत मावशी माझ्या ओटीत नारळ घालायची. त्याला गावात नावच पडलं, आरोळीचा नारळ. मी जरीचा पदर पुढे करून घ्यायची. एक वर्षही चुकवलं नाही.

गेल्या थंडीत मावशीचा निरोप आला. अंथरुणाला खिळली होती. मी दुपारी पोचले, घरात ती आणि मी, रामदास शेतावर. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, तू केलेली आरोळी एकदा तुझ्या तोंडून ऐकव. रामदासकडून दर वर्षी ऐकते, तुझ्याकडून कधी ऐकली नाही.

कसं टाळणार? मी उठून उभी राहिले. हाताला मी काही सांगितलं नव्हतं, पण हातानं केलं — पदर दुमडला, दोन्ही तळव्यांनी तोंडावर घट्ट दाबला, आणि दिली. बरी जमली. माझा गळा तसा चांगला आहे.

पदर खाली घेतला तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

“असं तोंड दाबायला कोणी शिकवलं तुला? आई सांगायची, बा घरात आरोळी म्हणायचा तवा पंचा असाच धरायचा.”

सिनेमात तर मुखवटाच दिसतो. पंचा कुणी पाहिलेला नाही. भगतानंही नाही — ते घरातलं होतं. मला बोलायला तिनं पुष्कळ वेळ दिला. बाहेर कोंबड्या उकरत होत्या, मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, ऊन उतरायच्या आत घाट चढून जा. मी गेले. थंडी संपायच्या आत ती वारली.

यंदाच्या बोहाड्याला मी गेले होते. बोलावणं आलं होतं, जरीचं लुगडंही नेसले. उजाडताना राक्षस आला, आरोळी दिली. अशी दिली की शेजारच्या पाड्यावरची कुत्री भुंकली. रामदासनं सोंग उतरवून पाटावर ठेवलं. कुणीतरी नारळ आणला. मी सवयीनं पदर पुढे केला. रामदास माझ्याजवळून पुढे गेला, आणि नारळ त्यानं मुखवट्यापुढे, त्या उघड्या लाकडी तोंडाशी ठेवला. मग परत येऊन अदबीनं म्हणाला,

“आत्या सांगून गेली, नारळ ज्याचा त्याला द्या.”

त्याला स्वतःला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. माझा पदर अजून पसरलेला होता, तो मी आवरला.

सिनेमा चांगलाच आहे. आजही पुन्हा करायचा झाला तर विमानं तशीच करीन, राख तीच घेईन. आरोळी तेवढी माझी नाही. ती लहानूची आहे. त्यानं ती मनमाडला, मुलाच्या ओसरीत, पंचा तोंडावर धरून आपल्या लेकीसाठी दिली होती, आणि मी ती पोचवली नाही.